माजी नगराध्यक्षांची राजकीय कारकीर्द: विदर्भातल्या छोट्या शहरांतून वारंवार येणारे प्रश्न

तालुक्याच्या गावात एखाद्या माजी नगराध्यक्षाबद्दल दोन कहाण्या हमखास ऐकू येतात. समर्थक म्हणतात, सगळं गाव त्यांनीच उभं केलं. विरोधक म्हणतात, सगळं गाव त्यांनीच खाल्लं. खरं काय ते ठरवायचं तर आधी पदाची रचना आणि मग नगरपरिषदेतले कागद पाहावे लागतात. पत्रांतून, मेसेजमधून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न खाली एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेला तपशील दुसरीकडे परत दिलेला नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. नगराध्यक्ष म्हणजे महापौरच ना? मग आमच्याकडे महापौर का म्हणत नाहीत?

महापौर महानगरपालिकेला असतो. विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांत महानगरपालिका चारच: नागपूर, अमरावती, अकोला आणि चंद्रपूर. बाकी शहरांत नगरपरिषद किंवा नगरपंचायत आहे आणि तिच्या प्रमुखाला नगराध्यक्ष म्हणतात. महापौराला नगरसेवक निवडतात, नगराध्यक्षाला सध्या जनता थेट निवडते. महापालिकेत प्रशासन आयुक्ताच्या हाती असते, नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्याच्या. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचा कारभार 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नागरी अधिनियमाने चालतो.

2. 'ब' वर्ग, 'क' वर्ग म्हणजे कारभाराचा दर्जा का?

नाही, ती नगरपरिषदांची लोकसंख्येनुसार वर्गवारी आहे. एक लाखाच्या वर 'अ', चाळीस हजारांच्या वर आणि एक लाखापर्यंत 'ब', चाळीस हजार किंवा कमी असेल तर 'क'. नगरपंचायत त्याहून लहान, तिथे 17 नगरसेवक असतात. कारकीर्द तोलताना वर्ग पाहावाच लागतो, कारण कर्मचारी, उत्पन्न आणि निधी त्यानुसार बदलतात. 'क' वर्गाच्या नगराध्यक्षाची 'अ' वर्गाच्या नगराध्यक्षाशी कामांच्या आकड्यांवरून तुलना करणे अन्यायाचे आहे.

3. आमचे एक माजी नगराध्यक्ष म्हणतात मला जनतेनं निवडलं, दुसरे म्हणतात मला नगरसेवकांनी. दोघंही खरं कसं बोलतात?

वर्ष विचारा, उलगडा होईल. थेट निवडणूक 1974 मध्ये झाली, मग 2001 मध्ये. त्यानंतर पुन्हा नगरसेवकांतून निवड सुरू झाली, अडीच-अडीच वर्षांच्या पाळ्या आल्या. 2016 मध्ये थेट पद्धत परतली, 2020 मध्ये ती रद्द झाली आणि 2022 मध्ये पुन्हा आणली गेली. 2025 च्या डिसेंबरमध्ये झालेली निवडणूक थेट पद्धतीचीच होती.

हा फरक कारकिर्दीच्या मुळाशी जातो. अडीच वर्षांच्या पाळीतला नगराध्यक्ष पहिले काही महिने काम समजून घेण्यात आणि शेवटचे सहा महिने नगरसेवक सांभाळण्यात घालवायचा. थेट निवडून आलेल्याला पाच वर्षे मिळतात, पण सभागृहात बहुमत दुसऱ्या पक्षाचे असले तर पाचही वर्षे प्रत्येक ठरावासाठी झुंजावे लागते. 2016 नंतर अनेक ठिकाणी हेच झाले. म्हणून 'पाच वर्षांत काहीच केलं नाही' असे म्हणण्यापूर्वी सभागृहातले पक्षीय बलाबल मांडून पाहा.

4. चांगलं काम करणारा नगराध्यक्ष दुसऱ्यांदा उभाच राहिला नाही. तिकीट कापलं असंल ना?

असेलही. पण आधी आरक्षण तपासा. नगराध्यक्षपदाची सोडत राज्यपातळीवर निघते. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, मागास प्रवर्ग आणि महिला असे आरक्षण फिरत राहते, त्यातल्या अर्ध्या जागा महिलांसाठी असतात. मागच्या वेळी सर्वसाधारण असलेले पद पुढच्या वेळी महिलेसाठी राखीव झाले, तर पुरुष नगराध्यक्षाची वाट आपोआप बंद होते. मग पत्नी किंवा सून उमेदवार होते आणि फलकावर दोघांचे फोटो लागतात. छोट्या शहरांतल्या बऱ्याच कारकिर्दी एका पाळीत संपतात त्या या सोडतीमुळे.

5. नगराध्यक्षाच्या हातात नेमकं असतं काय? सही तर साहेबांचीच लागते.

नगराध्यक्ष सभा बोलावतो, तिचे अध्यक्षस्थान घेतो, विषयपत्रिकेवर त्याचे नियंत्रण असते आणि मते समसमान पडली तर निर्णायक मत त्याचे. आर्थिक आणि प्रशासकीय कारभारावर देखरेख ठेवणे हेही त्याचे काम. आणीबाणीत एखादे काम तातडीने करण्याचा आदेश तो देऊ शकतो, मात्र त्याची माहिती नंतर सभेपुढे ठेवावी लागते.

अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्याची. निविदा, कार्यादेश, देयके, कर्मचारी हे सगळे त्याच्या टेबलावरून जाते. ठराव बेकायदा वाटला तर जिल्हाधिकारी 1965 च्या अधिनियमाच्या कलम 308 खाली त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. अनुभवी नगराध्यक्ष मुख्याधिकाऱ्याशी भांडण सभागृहाबाहेर नेत नाही. नवखे नेतात, आणि वर्षभर फाइल टेबलावर पडून राहिली की त्यांना कारण कळते.

सभेची नोटीस ही चूक होण्याची आणखी एक ठरलेली जागा. साधारण सभेला सात पूर्ण दिवस आणि विशेष सभेला तीन पूर्ण दिवस आधी सूचना द्यावी लागते. 'पूर्ण दिवस' मोजताना नोटिशीचा आणि सभेचा दिवस धरत नाहीत. इथे एक दिवस जरी चुकला, तर चांगला ठरावही विरोधकांना पाडता येतो.

6. चौकातल्या रस्त्यावर तिघांच्या नावाच्या पाट्या आहेत. रस्ता खरा कुणाच्या काळातला?

सगळ्यात जास्त पत्रे या प्रश्नाची येतात, म्हणून सविस्तर.

एका कामाच्या किमान सहा तारखा असतात. सर्वसाधारण सभेचा ठराव, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा उघडल्याची तारीख, कार्यादेश आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला. भूमिपूजन आणि लोकार्पण या सातव्या-आठव्या तारखा. पाटीवर त्याच दिसतात आणि पुरावा म्हणून त्याच सगळ्यात कच्च्या.

ठराव एका नगराध्यक्षाच्या काळात, निधी पुढच्याच्या काळात आणि फीत कापणारे प्रशासक (निवडून आलेले सभागृह नसताना कारभार पाहणारा अधिकारी), असे सहज घडते. आमचा ठोकताळा असा: कल्पना आणि पाठपुरावा कुणाचा, हे ठराव व प्रशासकीय मान्यतेच्या पत्रव्यवहारावरून ठरवा, कामाच्या दर्जाची जबाबदारी कार्यादेश आणि देयके ज्याच्या काळातली त्याच्यावर टाका.

दुसरी तपासणी निधीची. दलित वस्ती सुधारणा, नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण योजना, वित्त आयोग, आमदार निधी, खासदार निधी यांतला पैसा वेगवेगळ्या दारांतून येतो. आमदार निधीतल्या सभामंडपाचे श्रेय नगराध्यक्ष घेतो आणि वित्त आयोगाच्या नालीचे आमदार, हा प्रकार नेहमीचा. अंदाजपत्रकाच्या पहिल्या पानावर 'लेखाशीर्ष', म्हणजे पैसा कोणत्या खात्यातला त्याचे नाव, लिहिलेले असते. तेवढे वाचले तरी निम्मे वाद मिटतात.

तिसरी गोष्ट पाणीपुरवठ्याची. जलकुंभ दिसतो, म्हणून श्रेय त्याला मिळते. खरी कसोटी जलवाहिनी आणि रोज किती मिनिटे पाणी येते ही. टाकी बांधून वितरणाची जुनी वाहिनी तशीच ठेवली तर उन्हाळ्यात टाकी भरलेली आणि शेवटच्या गल्लीत टँकर, असे चित्र दिसते.

7. नगराध्यक्षाला मुदतीआधी घरी कसं बसवतात?

वाटा तीन आहेत. पहिली, निवडणूकच आव्हानित करणे. त्यासाठी निकाल राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून दहा दिवसांत जिल्हा न्यायालयात याचिका द्यावी लागते. लोक अर्ज घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात फिरतात, तोवर दहा दिवस उलटून जातात.

दुसरी, अपात्रता. नगरपरिषदेच्या कंत्राटात हितसंबंध, मागणीपत्र देऊनही न भरलेली थकबाकी, दोनपेक्षा जास्त अपत्यांची अट, स्वतःचे, जोडीदाराचे किंवा अवलंबून असलेल्याचे बेकायदा बांधकाम ही त्यातली ठळक कारणे. बांधकामाचे कलम भल्याभल्यांना नडते. घराचा वाढीव मजला किंवा रस्त्यावर आलेला ओटा पाच वर्षे कुणी पाहत नाही, पद मिळाले की दुसऱ्या दिवशी मोजमाप निघते.

तिसरी, कलम 55 अ. गैरवर्तन, कर्तव्यात कसूर किंवा असमर्थता यावरून राज्य शासन सुनावणी देऊन नगराध्यक्षाला हटवू शकते. त्यानंतर सहा वर्षांपर्यंत निवडणूकबंदी येऊ शकते. एखाद्या माजी नगराध्यक्षाच्या कारकिर्दीत मधेच मोठी पोकळी दिसली तर हा आदेश शोधा.

नगरसेवकांच्या मागणीवरून हटवण्याच्या तरतुदी अनेकदा बदलल्या आहेत. ज्या वर्षीचे प्रकरण, त्या वर्षीचाच कायदा लावा.

8. निवडून आले, मिरवणूक निघाली, आणि मग जातीच्या दाखल्यावरून पद गेलं. हे कसं?

राखीव जागेवरून निवडून आलेल्याला ठरलेल्या मुदतीत जात वैधता प्रमाणपत्र द्यावे लागते. दिले नाही तर निवड पूर्वलक्षी प्रभावाने रद्द धरतात. प्रमाणपत्र निवडणुकीआधीच काढून ठेवणे हाच शहाणपणा, कारण जात पडताळणी समितीकडे जुन्या महसुली आणि शाळेच्या नोंदी मागवण्यातच महिने जातात.

विदर्भात याला खास इतिहास आहे. सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2000 रोजी मिलिंद प्रकरणात हलबा कोष्टी या विणकर समाजाला हलबा या अनुसूचित जमातीत धरता येणार नाही असे सांगितले आणि विणकर वस्ती असलेल्या शहरांतली राजकीय गणिते बदलली. गोवारींना अनुसूचित जमातीत धरण्याबाबतचा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा 2018 चा अनुकूल निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये फिरवला. या समाजांतल्या माजी पदाधिकाऱ्याने पुढची निवडणूक वेगळ्या प्रवर्गातून का लढवली, याचे उत्तर बहुतेक वेळा या तारखांत सापडते.

9. 2021 नंतर नगराध्यक्षच नव्हते. ती वर्षं कुणाच्या खात्यात धरायची?

कुणाच्याच नाही. 2016-17 मध्ये निवडून आलेल्यांची मुदत 2021 च्या अखेरीस आणि 2022 च्या सुरुवातीला संपली, आणि प्रशासक आले. नगरपरिषदेचा कार्यकाळ पाच वर्षांपलीकडे जात नाही, हे संविधानातच आहे. त्यामुळे 'काळजीवाहू नगराध्यक्ष' असा प्रकार नसतो. मतदान 2 डिसेंबर 2025 रोजी झाले, काही ठिकाणी 20 डिसेंबरला, आणि मोजणी सगळीकडची 21 डिसेंबरला.

मधल्या काळात माजी नगराध्यक्षांनी कार्यालयात केलेल्या बैठकींना, दिलेल्या 'आदेशांना' कायदेशीर वजन नाही. श्रेयाचा मुद्दा उरतोच, त्यासाठी प्रश्न 6 पाहा.

10. गावात एवढं वजन, मग आमदारकीला का पडतात?

गणितामुळे. उदाहरणापुरते धरा: शहराची लोकसंख्या 45 हजार, मतदार 35 हजार, मतदान 23 हजार. तिरंगी लढतीत नऊ-दहा हजार मतांत नगराध्यक्ष होता येते. ग्रामीण विदर्भातल्या विधानसभा मतदारसंघात मात्र साधारण अडीच ते साडेतीन लाख मतदार. शहरातली सगळी मते मिळाली तरी निवडणूक जिंकता येत नाही. उरलेले दोन ते तीन लाख मतदार खेड्यांत आहेत, आणि त्यांना शहरातल्या नालीशी देणेघेणे नाही. त्यांचे प्रश्न कापसाचा भाव, सोयाबीनची खरेदी, पूर्व विदर्भात धानाचा बोनस, पीकविमा, पांदण रस्ते आणि रात्रीची वीज.

खेड्यातली माणसे जोडणारी पदे वेगळी आहेत: जिल्हा परिषद, पंचायत समिती, कृषी उत्पन्न बाजार समिती, खरेदी-विक्री संघ, सेवा सहकारी सोसायट्या. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाना हे काम करतो, विदर्भात तो आधार तोकडा. म्हणून आमदार व्हायचे असलेला नगराध्यक्ष मुदत संपण्याआधीच बाजार समितीच्या पॅनलमध्ये शिरतो. हे ज्याने केले नाही त्याचे पोस्टर तालुक्यात लागते, पण बूथवर माणूस बसत नाही.

मोठ्या शहरात हे गणित वेगळे चालते. देवेंद्र फडणवीस 1997 मध्ये नागपूरचे महापौर झाले आणि 1999 मध्ये विधानसभेत गेले. तिथला मतदारसंघ पूर्ण शहरी होता, त्यामुळे महापालिकेतली ओळख थेट मतांत उतरली.

11. वसंतराव नाईक खरंच नगराध्यक्ष होते का?

हो, पुसदचे. 1946 मध्ये ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, 1952 मध्ये त्या वेळच्या मध्य प्रदेश विधानसभेत गेले आणि 5 डिसेंबर 1963 पासून फेब्रुवारी 1975 पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते.

'नगराध्यक्ष ते मुख्यमंत्री' म्हणून हे उदाहरण भाषणांत फार वापरतात, तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेवा. त्या वेळी वऱ्हाड मध्य प्रांतात होते आणि नगरपालिका 1922 च्या कायद्याने चालायची, म्हणजे आजचे पद तेव्हाच्या पदासारखे नाही. आणि नाईकांचे बळ फक्त नगरपालिकेतले नव्हते, वकिली आणि शेतकऱ्यांमधले काम सोबत होते. त्यांचे पुतणे सुधाकरराव यवतमाळ जिल्हा परिषदेच्या वाटेने मुख्यमंत्रिपदापर्यंत पोचले. एकाच घरातल्या या दोन वाटा प्रश्न 10 सोबत वाचाव्यात.

12. खासदार झाल्यावर नगराध्यक्षपद सोडावं लागतं का?

भंडाऱ्याचे सुनील मेंढे 2016 च्या निवडणुकीत थेट नगराध्यक्ष झाले, 2019 मध्ये भंडारा-गोंदियाचे खासदार झाले आणि दोन्ही पदे सोबत सांभाळली. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. संसद आणि विधिमंडळ अशा दोन सभागृहांचे सदस्य एकाच वेळी राहता येत नाही. नगरपरिषद त्या बंदीत येत नाही. अडचण वेळेची. अधिवेशनाच्या काळात नगरपरिषदेच्या सभेचे अध्यक्षस्थान उपनगराध्यक्षाकडे जाते आणि शहरात कुरबुर सुरू होते.

13. विधान परिषदेला माजी नगराध्यक्षाचं मत चालतं का?

मत नाही, उमेदवारी चालते. स्थानिक प्राधिकारी मतदारसंघात मत देतात ते त्या वेळी पदावर असलेले नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य आणि पंचायत समिती सभापती. विदर्भात असे मतदारसंघ नागपूर, वर्धा-चंद्रपूर-गडचिरोली, यवतमाळ, अमरावती, अकोला-वाशिम-बुलढाणा आणि भंडारा-गोंदिया. मतदार काही शे असल्याने इथे नगरसेवकाच्या एका मताला जी किंमत येते ती एरवी कधीच येत नाही. 'सहलीला नेणे', म्हणजे मतदारांना मतदानापर्यंत बाहेरगावी नेऊन ठेवणे, हा शब्द या निवडणुकीत सगळ्यांना कळतो.

उमेदवार तीस वर्षे पूर्ण केलेला हवा. पद गेले म्हणून उमेदवारी अडत नाही.

14. हरलेले नगराध्यक्ष पाठीमागच्या दाराने सभागृहात येतात ते कसं?

नामनिर्देशित, म्हणजे बोलीत 'स्वीकृत' सदस्य म्हणून. नियमांतल्या पात्रतेत बसावे लागते. सभेत बोलता येते, मत देता येत नाही.

15. पक्ष बदलला तर पद जातं का?

पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्या सदस्याने पक्ष सोडला किंवा व्हिपविरुद्ध मत दिले, तर 1986 च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार होते. मुदत संपलेल्या माणसाला हा कायदा लागत नाही. म्हणून पक्षप्रवेशाचे मोठे कार्यक्रम मुदत संपल्यावर होतात. पदावर असताना फक्त 'विकासासाठी पाठिंबा' जाहीर होतो, तो याच भीतीने.

16. माजी नगराध्यक्षाला पेन्शन, गाडी काही मिळतं का?

पेन्शन नाही. मानधन पदासोबत संपते, गाडी परत करावी लागते. मागे उरते ती लेखापरीक्षणाची जबाबदारी: स्थानिक निधी लेखापरीक्षणात नुकसान निश्चित झाले आणि ते तुमच्या निर्णयामुळे झाले असे ठरले, तर पद गेल्यावरही वसुली निघू शकते. विरोधात दिलेले मत इतिवृत्तात नोंदवून घ्या, असे जुने नगरसेवक नव्यांना सांगतात ते यासाठी.

17. निवडणुकीचा खर्च किती दाखवता येतो?

2025 साठी नगराध्यक्षपदाची मर्यादा 'अ' वर्गात 15 लाख, 'ब' वर्गात 11 लाख 25 हजार, 'क' वर्गात साडेसात लाख आणि नगरपंचायतीत 6 लाख रुपये होती. हिशेब निकालानंतर 30 दिवसांत द्यायचा. पडलेल्यानेही द्यायचा. पराभवानंतर कागद फेकून देणारे पुढच्या निवडणुकीत अपात्रांच्या यादीत आपले नाव वाचतात.

18. हे सगळे कागद मागायचे कसे?

माहिती अधिकाराचा अर्ज नगरपरिषदेच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांपर्यंतचा असावा लागतो. 'पाच वर्षांतल्या सर्व कामांची सर्व माहिती' असे लिहिले की उत्तर हमखास 'माहिती विस्तृत स्वरूपाची आहे' असे येते. त्याऐवजी एका कामाचे नाव, प्रभाग आणि वर्ष लिहून ठरावाची प्रत, प्रशासकीय मान्यता, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि अंतिम देयक एवढेच मागा. प्रतीचे पानाला दोन रुपये.

तीस दिवसांत उत्तर नाही आले तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील, त्याला वीस रुपये. त्यानंतर नव्वद दिवसांत दुसरे अपील: नागपूर विभागासाठी माहिती आयोगाचे नागपूर खंडपीठ, वऱ्हाडातल्या पाच जिल्ह्यांसाठी अमरावती खंडपीठ. शक्य असेल तर आधी 'अभिलेख पाहणी' मागा. ठरावबुक समोर उघडले की कोणती पाने हवीत ते कळते, आणि झेरॉक्सचा खर्चही वाचतो.

19. आमची नगरपरिषदच आता राहिली नाही. जुन्या अध्यक्षांचे कागद कुठे?

नव्या संस्थेकडे. चंद्रपूरची नगरपरिषद 2011 मध्ये महानगरपालिका झाली, त्यामुळे त्याआधीच्या नगराध्यक्षांचे ठराव महापालिकेच्या अभिलेख कक्षात शोधायचे. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झालेल्या ठिकाणी सरपंचाच्या काळातली मासिक सभेची इतिवृत्ते नगरपंचायतीने ताब्यात घेतलेली असतात. ती तिथे सापडली नाहीत तर हस्तांतरणाची यादी मागा आणि तिची प्रत पंचायत समितीतही विचारा. यादीत नोंद आहे आणि कागद नाही, असे निघाले तर पुढचा अर्ज कागदासाठी करू नका. तो गहाळ झाल्याबद्दल काय कारवाई केली, हे विचारा.